अळिंबी खाद्य की विषारी : बीजाणूंचा ठसा, सूक्ष्मदर्शक आणि डीएनए यांच्या आधारे वर्गीकरण कसे करावे

हाती आलेली अळिंबी विषारी आहे का, हा प्रश्न थेट विचारला की उत्तर चुकण्याचीच शक्यता अधिक असते. विषारीपणा हे डोळ्यांना दिसणारे लक्षण नाही. तो त्या त्या जातीच्या रसायनाचा भाग आहे आणि ही रसायने एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या गटांमध्ये विखुरलेली आहेत. अमॅनिटा या एकाच वंशात प्राचीन रोमपासून चवीसाठी नावाजलेली अमॅनिटा सीझेरिया आहे आणि अळिंबीच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेकांना कारणीभूत असलेली अमॅनिटा फॅलॉइडिसही आहे. उलट फॅलॉइडिसमधलेच अ‍ॅमाटॉक्सिन हे विष गॅलेरिना मार्जिनाटा या कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या, अंगाने लहान आणि दिसायला निरुपद्रवी अशा तपकिरी अळिंबीत आणि लेपिओटा वंशाच्या काही जातींतही सापडते. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा लागतो : आधी जात निश्चित करायची, मग त्या जातीविषयीची वैद्यकीय आणि रासायनिक नोंद पाहायची आणि त्यानंतरच निकाल लिहायचा. निकालाचे रकाने दोन नव्हेत, तीन असतात. खाद्य, विषारी आणि अनिश्चित. यांतला तिसरा रकाना सर्वांत मोठा राहतो आणि तो तसा राहणे हे काम नीट चालल्याचे लक्षण आहे. पुढील पद्धती अभ्यासक, विद्यार्थी आणि नोंदी ठेवणारे निसर्गप्रेमी यांच्यासाठी आहे. ती वाचून जंगलातली अळिंबी ताटात घेऊ नये.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसणाचा रंग बदलतो का, टोपीची साल सुटते का, किडे खातात का, अशा घरगुती कसोट्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. चांदी गंधकयुक्त संयुगांमुळे काळवंडते, त्याचा विषाशी संबंध नाही. गोगलगायी आणि किडे माणसाला मारक ठरणाऱ्या अळिंब्याही खुशाल खातात. अ‍ॅमाटॉक्सिन उकळल्याने, वाळवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे नीट शिजवले म्हणजे भीती नाही हा समज या सगळ्यांत घातक आहे.

नमुना गोळा करणे

ओळखीतल्या बऱ्याचशा चुका प्रयोगशाळेत नव्हे, तर उपटतानाच होतात. देठ धरून अळिंबी वर ओढली की बुडाचा भाग मातीत राहतो, आणि अमॅनिटा ओळखण्याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा, म्हणजे बुडाभोवतीची पातळ पांढरी पिशवी, नेमका तिथेच असतो. म्हणून देठाच्या सभोवती चार बोटे अंतरावरून सुरी किंवा लहान खुरपे खोलवर घालून अळिंबी मातीसकट उचलावी आणि माती नंतर हलक्या हाताने झटकावी. वाळवीच्या वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिसच्या देठाला जमिनीत खोल जाणारे, मुळासारखे लांब शेपूट असते. ते तुटले तर त्या वंशाची सर्वांत भरवशाची खूण गेली असे समजावे.

एकच नमुना घेऊ नये. मिटलेली, अर्धी उघडलेली आणि पूर्ण पसरलेली अशा तिन्ही वयांतल्या अळिंब्या घ्याव्यात, कारण देठाभोवतीचे पातळ कडे गळून पडते, टोपीवरचे खवले पावसाने धुतले जातात आणि टोपीखालच्या कल्ल्यांचा रंग वयानुसार बदलतो. मात्र शेजारी उगवलेल्या सगळ्या एकाच जातीच्या असतील असे गृहीत धरू नये. प्रत्येक फळकायेला, म्हणजे टोपी-देठासह उगवलेल्या प्रत्येक अळिंबीला, स्वतंत्र क्रमांक द्यावा. उचलण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांत टोपीची खालची बाजू आणि खणून काढलेले बूड असलेच पाहिजे. माती, गवत, शेण, लाकूड यांपैकी कशावर उगवली आहे आणि आसपास कोणती झाडे आहेत, हे तिथेच लिहावे, कारण अमॅनिटाच्या बहुतेक जाती जिवंत झाडांच्या मुळांशी सहजीवन करतात, तर गॅलेरिना मृत लाकडावर जगते. वास त्याच वेळी घ्यावा आणि शब्दांत नोंदवावा. दुसऱ्या दिवशी तो बदललेला असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळिंबी काही तासांत घामेजून सडते, म्हणून कागदी पिशवी वापरावी.

डोळ्यांनी दिसणारी लक्षणे

टोपीचा रंग हे नवशिक्याला पहिल्यांदा दिसणारे आणि सर्वांत कमी विश्वासाचे लक्षण आहे. त्याऐवजी टोपीच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करावी. तिथे पातळ पापुद्र्यांसारखे कल्ले आहेत, बारीक छिद्रे आहेत, काटे आहेत की नुसत्या सुरकुत्या, हे आधी पाहावे. कँथारेलस या खाद्य अळिंबीच्या टोपीखाली खरे कल्ले नसून मांसाचाच भाग असलेल्या, फाटे फुटणाऱ्या बोथट घड्या असतात. तिच्याशी गल्लत होणाऱ्या विषारी ऑम्फॅलोटसला मात्र धारदार आणि सुटे करता येणारे कल्ले असतात. कल्ले असतील तर ते देठाला न टेकता सुटे राहतात, टेकतात की देठावरून खाली उतरतात, हे टोपी देठासह उभी चिरून पाहावे. मग देठावर कडे आहे का, बुडाशी पिशवी, फुगवटा किंवा खवल्यांची वर्तुळे आहेत का आणि चिरलेल्या मांसाचा रंग काही मिनिटांत बदलतो का, हे नोंदवावे.

उभा छेद घेण्याची सवय आणखी एका ठिकाणी जीव वाचवते. पफबॉल, म्हणजे चेंडूसारखी अळिंबी, कोवळी असताना आतून एकसंध पांढरी असते. अमॅनिटाचे अंड्याच्या अवस्थेतले पिल्लू बाहेरून तसेच दिसते, पण उभे चिरले की आत टोपी, कल्ले आणि देठ यांची बाह्यरेषा स्पष्ट उमटलेली दिसते.

बीजाणू म्हणजे अळिंबीचे धुळीसारखे सूक्ष्म बी; त्यांचा ठसा घेणे हे या टप्प्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक काम आहे, तरी घाईत नेमके तेच टाळले जाते. पिकलेल्या टोपीचा देठ कापावा आणि कल्ल्यांची बाजू खाली करून टोपी काचेच्या स्वच्छ पट्टीवर किंवा अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी. वर एखादे भांडे पालथे घालून ती रात्रभर राहू द्यावी. सकाळी खाली जी भुकटी जमलेली असते तिचा रंग दिवसाच्या उजेडात पाहावा. अमॅनिटाचा ठसा पांढरा, अ‍ॅगॅरिकसचा चॉकलेटी तपकिरी, व्हॉल्व्हॅरिएलाचा गुलाबी आणि गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी असतो. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही हिरवळीवर उगवणारी, मोठी पांढरी आणि पोटाला अतिशय त्रास देणारी अळिंबी तर तिच्या हिरवट ठशामुळेच नि:संदिग्ध ओळखता येते. तिचे कोवळे कल्ले पांढरे असल्याने नुसत्या नजरेने ती अनेकदा खाद्य समजली जाते.

व्हॉल्व्हॅरिएला व्हॉल्व्हॅसिया, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर वाढवली जाणारी खाद्य अळिंबी, आणि अमॅनिटा फॅलॉइडिस यांची तुलना या सगळ्या लक्षणांचे मोल दाखवते. बुडाची पिशवी दोघींना आहे, म्हणजे पिशवी दिसली की विषारी हा नियम इथे अपुरा पडतो. दोघींचे कल्ले देठापासून सुटे असतात. फरक असा की व्हॉल्व्हॅरिएलाच्या देठावर कडे नसते आणि तिचा ठसा गुलाबी येतो. पण फॅलॉइडिसचेही कडे गळून पडलेले असू शकते, आणि अंड्याच्या अवस्थेत ना ठसा मिळतो ना कडे दिसते. परक्या देशात स्थायिक झालेल्या आणि ओळखीची पेंढ्याची अळिंबी समजून फॅलॉइडिस खाल्लेल्या लोकांच्या विषबाधेच्या नोंदी आहेत, त्या याच साम्यामुळे.

सूक्ष्मदर्शक आणि रंगप्रतिक्रिया

ठशातली चिमूटभर भुकटी पाण्याच्या थेंबात ठेवून १००० पट वर्धनाखाली पाहिली की आकार, लांबी-रुंदी, पृष्ठभाग आणि टोकाचे छिद्र मोजता येते. किमान २० बीजाणू मोजावेत, एखाद-दुसऱ्यावरून निष्कर्ष काढू नये. क्यूनेरोमायसिस म्युटॅबिलिस ही खाद्य अळिंबी आणि गॅलेरिना मार्जिनाटा ही मारक अळिंबी एकाच ओंडक्यावर शेजारी उगवू शकतात, दोघींना कडे असते आणि दोघींचा ठसा तपकिरी असतो. देठावर कड्याच्या खाली ठसठशीत खवले असणे ही पहिलीची खूण आहे, पण जुन्या नमुन्यात ते झडून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वाद उरत नाही : क्यूनेरोमायसिसचे बीजाणू गुळगुळीत आणि टोकाशी छिद्र असलेले, तर गॅलेरिनाचे खडबडीत असतात.

मेल्झरच्या द्रावणात आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड आणि क्लोरल हायड्रेट असते. त्यात अमॅनिटा फॅलॉइडिसचे बीजाणू निळसर-काळे होतात, सीझेरियाचे होत नाहीत. ही माहिती वाचून निळे म्हणजे विषारी असे समीकरण कोणी मांडेल, म्हणून लगेच सांगायला हवे की अमॅनिटा मस्कॅरिया विषारी असूनही तिचे बीजाणू निळे होत नाहीत, आणि शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या अमॅनिटा रुबेसेन्सचे होतात. ही प्रतिक्रिया वंशातला उपगट सांगते, विष सांगत नाही.

अ‍ॅगॅरिकसच्या बाबतीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टोपीवर पिवळा होतो का, आणि देठाचे बूड कापताच गडद पिवळे पडून शाईसारखा किंवा फिनाइलसारखा वास येतो का, हे पाहतात. पिवळेपणा आणि तो वास एकत्र आले तर पोट बिघडवणाऱ्या अ‍ॅगॅरिकस झँथोडर्मसच्या गटाचा संशय घ्यावा.

वीलंड-माइक्सनर चाचणीविषयी थोडे सावध राहून लिहितो. अळिंबीचा रस वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दाबून डाग पाडायचा, उष्णता न देता वाळवायचा आणि त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा, की अ‍ॅमाटॉक्सिन असल्यास काही मिनिटांत निळा रंग येतो. स्वस्त कागदात लाकडातून आलेले लिग्निन ही प्रतिक्रिया घडवते, म्हणून चांगला पांढरा कागद इथे उपयोगाचा नाही, आणि अळिंबीचा रस न लावलेल्या कागदावर तेच आम्ल टाकून तुलना करणे आवश्यक आहे. परंतु विष नसलेली काही इंडोल संयुगेही निळा रंग देतात, आणि विषाचे प्रमाण कमी असेल तर रंग येतच नाही. ही चाचणी फक्त संशय वाढवण्यासाठी वापरावी, तो फेडण्यासाठी कधीही नाही. तीव्र आम्ल हाताळताना हातमोजे, चष्मा आणि हवेशीर जागा हवी हे वेगळे सांगायला नको.

डीएनएवरून जात ठरवणे

बाह्य लक्षणांनी वंश निश्चित होतो, पण जातीपाशी अडतो, तिथे डीएनए कामी येतो. बुरशींसाठी प्रमाण मानलेला भाग म्हणजे केंद्रकातील रायबोसोमल डीएनएचा आयटीएस हा पट्टा. २०१२ मध्ये शॉख आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी तो बुरशींचा सार्वत्रिक बारकोड म्हणून सुचवला. रायबोसोमची जनुके फार सावकाश बदलतात, पण त्यांच्या मधले हे अंतर तुलनेने लवकर बदलते, त्यामुळे जवळच्या जातींतही त्यात फरक सापडतो. शिवाय प्रत्येक पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्याने वाळलेल्या, जुन्या नमुन्यातूनही तो मिळवता येतो.

टोपीचे मांस फोडून आतल्या, हवेला न लागलेल्या भागातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निर्जंतुक चिमट्याने घ्यावा. वरच्या सालीवर इतर बुरश्या आणि परके बीजाणू बसलेले असतात आणि मग निकालात अळिंबीऐवजी तिच्यावरच्या बुरशीचे नाव येते. उरलेली फळकाया सुमारे ४० अंश सेल्सियसला मंद हवेत वाळवून, सिलिका जेलसह बंद करून जपून ठेवावी, कारण ज्या डीएनए-क्रमाचा, म्हणजे डीएनएतल्या घटकांच्या वाचलेल्या ओळीचा, मूळ नमुना उपलब्ध नाही तो क्रम पुढे कोणाला तपासता येत नाही. तुकड्यातून सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने किंवा तयार संचाने डीएनए काढावा. नंतर आयटीएस१एफ आणि आयटीएस४ हे प्रायमर, म्हणजे हव्या त्या पट्ट्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून पीसीआर करावा, म्हणजे त्या पट्ट्याच्या असंख्य प्रती कराव्यात. प्रायमर जोडण्याचे तापमान ५५ अंशांच्या आसपास आणि चक्रे ३५ पर्यंत पुरतात. डीएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या जेलवर साधारण ६०० ते ८०० बेस जोड्यांची (डीएनएच्या लांबीचे एकक) एकच स्पष्ट पट्टी दिसली तरच नमुना सँगर या क्रमवाचनाच्या पद्धतीने वाचायला पाठवावा. डीएनए न घातलेली एक नळी प्रत्येक खेपेला चालवावी. तिच्यात पट्टी आली तर त्या दिवशीचे सगळे निकाल बाद धरावेत.

मिळालेला क्रम जेनबँक किंवा युनाइट या संग्रहांशी ताडून पाहताना नवखा माणूस यादीतले पहिले नाव उचलतो. संग्रहातले नाव ज्याने क्रम जमा केला त्याने दिलेले असते, आणि त्यातली काही नावे चुकीची आहेत. म्हणून शेजारची दहा-पंधरा नावे एकमेकांशी जुळतात का, जुळणी क्रमाच्या पूर्ण लांबीवर आहे की तुकड्यावर, आणि मूळ वर्णनाच्या आधारनमुन्यापासून मिळालेला क्रम यादीत आहे का, हे पाहावे. ९७ किंवा ९८.५ टक्के साम्य ही सोयीची रेषा आहे, निसर्गाची नव्हे; काही वंशांत दोन वेगळ्या जाती याहून जवळ असतात. कँथारेलसमध्ये तर आयटीएसची लांबीच इतकी अनियमित आहे की तिथे टीईएफ१ हे जनुक वाचणे सोयीचे पडते. अवघड गटांत आरपीबी२ हे दुसरे जनुकही वाचतात. योगायोग असा की हे जनुक आरएनए पॉलिमरेज २ या विकराच्या एका घटकाचे आहे, आणि अ‍ॅमॅनिटिन हे अ‍ॅमाटॉक्सिन गटातले विष माणसाच्या पेशीत शिरून बंद पाडते ते हेच विकर.

डीएनए नेहमी जाती वाढवतोच असे नाही. गॅलेरिना ऑटम्नॅलिस, गॅलेरिना युनिकलर आणि आणखी काही नावे वेगवेगळ्या जातींची मानली जात होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयटीएसच्या अभ्यासाने त्या सगळ्या गॅलेरिना मार्जिनाटाच आहेत असे दाखवले, आणि विषाच्या दृष्टीने हा गट सोपा झाला.

विषाचा थेट शोध

जात कळल्यावर विषाचा अंदाज येतो, पण पुरावा वेगळा मिळवावा लागतो. अमॅनिटातील अ‍ॅमाटॉक्सिन रायबोसोमवरच एका लहान प्रथिनाच्या रूपात बनते, मग विकर ते कापून आठ अमिनो आम्लांचे कडे तयार करते, हे २००७ मध्ये त्याच्या जनुकांसह उघड झाले. त्यामुळे हे जनुक पीसीआरने शोधता येते. मात्र जनुक असणे म्हणजे त्या फळकायेत विष किती आहे हे कळणे नव्हे. प्रमाण मोजण्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापन, म्हणजे रसायने वेगळी करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारी तंत्रे, लागतात. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणी-पट्ट्याही आहेत आणि त्या लवकर उत्तर देतात, परंतु पट्टी ज्या विषासाठी बनवली आहे तेवढेच ती पाहते. कॉर्टिनेरियस ओरेलॅनसमधले मूत्रपिंड निकामी करणारे ओरेलॅनिन, गायरोमित्रा एस्क्युलेंटातले गायरोमिट्रिन, इनोसायबीतले मस्करिन, यांपैकी काहीही अ‍ॅमाटॉक्सिनच्या पट्टीवर उमटत नाही, आणि कोरी पट्टी पाहून नमुना खाद्य लिहिणे ही अक्षम्य चूक ठरेल.

जात बरोबर ओळखूनही निकाल चुकू शकतो. अ‍ॅगॅरिकसची एक प्रसिद्ध रंगप्रतिक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जर्मन अभ्यासक ज्यूलियस शेफर १९४४ मध्ये पॅक्सिलस इन्व्होल्यूटस खाल्ल्यानंतर दगावले. त्यांनी अळिंबी चुकीची ओळखली नव्हती. त्या काळी ती खाद्य समजली जात होती. वारंवार खाल्ल्यावर काही जणांच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे नंतर कळले. ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे ही युरोपात पिढ्यान्‌पिढ्या विकली गेलेली अळिंबी. २००१ मध्ये फ्रान्समधील १२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, ज्यांचे स्नायू ती ओळीने अनेक जेवणांत खाल्ल्यानंतर झिजले होते आणि त्यांतले ३ दगावले. म्हणून नोंदवहीत निकालाशेजारी तो कोणत्या वर्षीच्या माहितीवर दिला, हेही लिहावे.

संगणकाने वर्गीकरण करताना

अळिंबीचे वर्गीकरण हा यंत्रशिक्षणातला नेहमीचा पहिला धडा आहे. त्यासाठी वापरला जाणारा १९८७ चा संच ८१२४ नोंदींचा आहे. अ‍ॅगॅरिकस आणि लेपिओटा गटांतल्या २३ जाती, २२ लक्षणे, ४२०८ खाद्य आणि ३९१६ विषारी. केवळ वासावरून त्यात ९८ टक्क्यांहून अधिक नोंदी बरोबर लागतात, आणि हिरव्या ठशाचा नियम जोडला की ९९ च्या वर जातात. हे आकडे पाहून भारावून जाऊ नये. त्या नोंदी प्रत्यक्ष उचललेल्या अळिंब्यांच्या नसून मार्गदर्शक पुस्तकातल्या वर्णनांवरून रचलेल्या काल्पनिक नमुन्यांच्या आहेत आणि त्या जाती सोडून चोविसावी समोर आली तर नियमाला काहीच सांगता येत नाही. २४८० नोंदींत एक लक्षण रिकामे आहे, आणि ते आहे देठाचे बूड. रानात उपटताना जे मातीत राहते, तेच इथेही सुटले आहे.

स्वतः असे प्रारूप, म्हणजे नोंदींवरून शिकून निकाल देणारी संगणकीय प्रणाली, बनवायचे असेल तर अचूकता ही एकच फूटपट्टी वापरू नये. खाद्य अळिंबीला विषारी म्हटले तर एक जेवण जाते; उलट झाले तर माणूस जातो. म्हणून विषारीला खाद्य म्हणण्याच्या चुका स्वतंत्र मोजाव्यात, खात्री कमी असेल तिथे प्रारूपाने अनिश्चित असे उत्तर द्यावे अशी सोय ठेवावी, आणि चाचणीसाठी शिकवताना न दाखवलेल्या संपूर्ण जाती बाजूला काढाव्यात. एकाच जातीच्या नोंदी दोन्हीकडे वाटल्या तर प्रारूप जात पाठ करते, वर्गीकरण शिकत नाही.

कोणी खाल्ली असेल तर

वर्गीकरण करणाऱ्याकडे अशा वेळी विचारणा येतेच. अशा वेळी नमुना ओळखत बसण्यापूर्वी माणसाला रुग्णालयात पाठवावे, लक्षणे नसली तरीही. अ‍ॅमाटॉक्सिनची पहिली चिन्हे बहुधा ६ ते १२ तासांनी दिसतात, उलट्या-जुलाबांनंतर एखादा दिवस बरे वाटते आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. ओरेलॅनिनची चिन्हे तर काही दिवसांनी ते दोन-तीन आठवड्यांनी उमटतात. खाल्ल्यावर लवकर त्रास सुरू झाला म्हणजे सौम्य विष, हा आडाखाही धरू नये, कारण एकाच जेवणात दोन जातींच्या अळिंब्या असू शकतात. खाल्ल्याची आणि पहिल्या त्रासाची नेमकी वेळ कागदावर लिहून रुग्णाबरोबर द्यावी. उरलेल्या कच्च्या अळिंब्या, त्यांचे कापलेले देठ व साली कागदी पिशवीत आणि शिजलेली भाजी वेगळ्या स्वच्छ डब्यात घालून थंड जागी ठेवावी. शिजल्यावरही बीजाणूंचा आकार टिकतो आणि रुग्णाच्या उलटीतूनही ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात, म्हणून भांडी घासण्यापूर्वी त्यातला उरलेला चमचाभर रस्साही वेगळा काढून ठेवावा.